भिजलेला दोर

अंबाडीचा दोर भिजला की त्याला एक आंबूस वास सुटतो, आणि त्या वासासरशी मला चाकूरजवळच्या आमच्या गावातलं चर्च आठवतं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तिथं वधस्तंभाचं नाटक व्हायचं. त्या वर्षी काका येशू झाले होते आणि वडील फटके मारणारे रोमी शिपाई. वडिलांनी नाताळात चर्चमध्ये सगळ्यांसमोर, देवानं आपल्याला बदलल्याची साक्ष दिली होती, "माझ्यातला जुना माणूस मेला." सगळे आमेन म्हणाले, वडिलांचा मार खाल्लेली आई तेवढी गप्प राहिली. नाटकातला चाबूक म्हणजे दोराला गुंडाळलेल्या चिंध्या, लाल रंगात बुडवलेल्या. चार-पाच फटक्यांत चिंध्या सुटल्या आणि नुसता ओला दोर काकांच्या उघड्या पाठीवर बसू लागला. वडील थांबले नाहीत. दाताखाली ओठ दाबलेला तो चेहरा आम्ही घरात पाहिला होता. काका गुडघ्यांवर कोसळले, पाठ फुटली, आणि लोक नाटक समजून हुंदके देत राहिले. आई बायकांतून उठली आणि तिनं वडिलांचं मनगट धरलं. "जुना माणूस मेला म्हणला होताव न्हव?" वडिलांच्या हातून दोर गळला. पुढच्या रविवारी ते पुन्हा साक्षीला उभे राहिले. "मेला न्हाई त्यो. हितंच हाय," छातीवर मूठ आपटत ते म्हणाले, "रोज मारावं लागतंय त्याला." मग मागून आईचा एकटीचा आवाज आला, आमेन. आता रागानं माझी मूठ आवळते तेव्हा मला तो वास येतो, दोर जवळपास नसला तरी.