पंख्याचं उत्तर

सपना खिल्लारे शिरड शहापूरची. आई पद्माबाईनं हळदीच्या कारखान्यात मजुरी करून तिला नांदेडला एम.एस्सी.पर्यंत शिकवलं. त्या मजुरीत आईच्या छातीत खोकला बसला, तो आजवर गेला नाही.

वसमतच्या एका कॉलेजात सपना गणित शिकवू लागली. पोरं पुस्तकातली गणितं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात, हे तिला लवकरच कळून चुकलं. मग ती शेवटच्या वर्षाच्या मुलांना कापसाच्या जिनिंगमध्ये, दालमिलमध्ये नेऊ लागली. मालकाची खरी अडचण ऐकायची, ती समीकरणात बसवायची आणि उत्तर त्याच्यापुढं ठेवायचं. मुलांना त्याची गोडी लागली.

कुरुंद्याजवळच्या हरिचंद यांच्या कारखान्यात हळदीला पॉलिश होई. मोठ्या फिरत्या ढोलात वाळलेली हळद घासली जाई, तिची धूळ उडे आणि भिंतीतले पंखे ती बाहेर ओढत. विजेचं बिल झेपत नाही, ते कमी करून द्या, एवढंच हरिचंद म्हणाले. ऐश्वर्या आणि बालाजी या दोघांनी कित्येक दिवस मोजमापं घेतली. धूळ किती वेगानं साचते, पंखे ती किती वेगानं ओढतात, ते मांडलं. पंखे निम्मा वेळ बंद ठेवले तरी यंत्राला आणि मालाला काही होत नाही, असं उत्तर आलं. सपनानं सगळं तपासलं. कुठंच चूक नव्हती. तिनं मुलांची पाठ थोपटली.

पुढच्याच महिन्यात ती मुलांना घेऊन काम बघायला गेली. पंखे बंद होते. तोंडाला पदर बांधलेल्या बाया पिवळ्या धुरळ्यात हळद निवडत होत्या आणि खोकत होत्या. तसा खोकला सपना लहानपणापासून ऐकत आली होती. तिला तिथं उभं राहवेना.

बाहेर येऊन ती मुलांना म्हणाली, "यंत्राचा विचार केला, मालाचा केला. या बायांचा श्वास आपण हिशोबात कुठं धरला? मी पण न्हाई धरला."

पंखे चालू ठेवा, असं तिनं हरिचंदांना विनवलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्याच लेकरांनी काढलेलं उत्तर हाय. मी बराबर तसंच करून राहिलो."

मुलांनी गणित नव्यानं केलं. माणसाला सोसेल एवढीच धूळ आधी ठरवली, मग विजेचा हिशोब. बचत अगदी थोडी निघाली. हरिचंदांनी तो कागद बाजूला ठेवला.

ऐश्वर्याला ते फार लागलं. एका दुपारी ती जेवणाच्या सुट्टीत बायांजवळ जाऊन बसली आणि आपण काय केलं ते तिनं त्यांना सांगितलं. मग त्यांच्यातल्या वयस्क भिकाबाईनं विचारलं, "पंखा बंद झाल्यावर धूळ छातीला कवा लागती, ते निघंल काय तुज्या गणितातून?"

"निघंल, मावशी. पाव तासात."

दुसऱ्या दिवसापासून पंखे थांबून पाव तास झाला की बाया उठून बाहेर झाडाखाली जाऊन बसू लागल्या. हरिचंद दुसऱ्या बाया आणायच्या गोष्टी बोलले, पण ऐन हंगामात माणसं मिळेनात. आठवडाभरात पंखे पुन्हा सलग चालू झाले.

हरिचंदांनी कॉलेजात तक्रार केली. प्राचार्यांनी सपनाला बोलावून घेतलं आणि पोरांना कारखान्यांत भांडणं लावायला नेता का, असं विचारलं. आम्ही अर्धवट उत्तर दिलं होतं, ते पुरं केलं, एवढंच ती म्हणाली. त्या वर्षी एकाही मालकानं मुलांना बोलावलं नाही. भिकाबाईनं पुढं काम सोडलं. छातीत बसलेली जुनी धूळ आता निघायची नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं.

सपना दारोदार फिरत राहिली. शेवटी जवळा बाजारच्या एका दालमिलवाल्यानं होकार दिला. डाळ फार तुटते, असं त्याचं म्हणणं. नव्या मुलांनी लगेच मोजमापाची साधनं काढली. सपनानं ती पिशवीत ठेवायला लावली आणि त्यांना पोती उचलणाऱ्या हमालांकडे घेऊन गेली.