सतरावा राजीनामा

मला आजपर्यंत कोणी फसवू शकलेलं नाही. नाशिकपासून पार चांदवडपर्यंत विचारत जा. बाळूतात्याची टोपी उडवली असा एक माणूस दाखवा आणि माझ्याकडून मिसळ खा. फक्त माझ्या घरी विचारू नका. तिथे लगेच एक नाव सांगतील, आणि ते नाव माझंच आहे.

आता विषय निघालाच आहे तर ऐका. वय झालं, लाज धरायला अंगात जागा उरली नाही, म्हणून सांगतो.

पिंपळगावच्या अलीकडे हायवेला लागून एक द्राक्षांचं पॅकहाउस आहे. तिथल्या कोल्ड स्टोरेजची मशीन मी अठरा वर्षं सांभाळली. शिक्षण सातवी, आणि तीसुद्धा मास्तर मला कंटाळले म्हणून पास. पण बाहेर खुर्चीवर बसून, डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून सांगायचो की आत थंडी किती आहे. लोकांना वाटायचं मी झोपलोय. कधी कधी झोपलेलाही असायचो.

मालक होते अण्णा. भला माणूस, पण एक नियम कडक: हंगामात रजा नाही. जानेवारी ते एप्रिल माल थांबत नाही, मग माणूस कसा थांबेल? आणि रंगपंचमी येते नेमकी हंगामाच्या मध्यावर.

मी जुन्या नाशकातला. आमच्या चौकात रहाड आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो, रहाड म्हणजे चौकातला दगडी हौद. वर्षभर बुजवलेला असतो, वरून रिक्षा जातात. रंगपंचमीला तो उघडायचा, रंगाच्या पाण्याने काठोकाठ भरायचा आणि धप्पकन उडी मारायची. लहानपणापासून माझी एक उडी चुकलेली नाही. रजा मागितली तर अण्णा म्हणाले, "नोकरी सोड आणि जा."

मग मी सोडली. कागद घेतला आणि लिहिलं: 'मला रहाडीत उडी मारायची असल्याने मी नोकरीचा राजीनामा देत आहे. कळावे, लोभ असावा.' अण्णा हसून हसून खोकायला लागले. खाली त्यांनी लाल पेनाने लिहिलं: 'नामंजूर. अर्धा दिवस मोकळीक. रंग धुऊन यावे.'

तेव्हापासून तशी रीतच पडली. दरवर्षी रंगपंचमीला माझा राजीनामा, दरवर्षी अण्णांचं नामंजूर. एका वर्षी लिहिलं, संन्यास घेतोय, गोदाकाठी जागा बघून ठेवली आहे. एका वर्षी लिहिलं, शेजारच्या पॅकहाउसने मला मालक म्हणून बोलावलंय. पॅकिंगच्या टेबलावरच्या बाया आठ दिवस आधीपासून विचारायच्या, "तात्या, औंदा का सोडताय?" असे सोळा राजीनामे झाले.

सतराव्या वर्षी अण्णांचे गुडघे गेले आणि केबिनमध्ये त्यांचा मुलगा सागर बसला. पुण्याला शिकून आलेला. टेबलावर कॉम्प्युटर, चेहऱ्यावर कॉम्प्युटर. म्हटलं, नव्या मालकाच्या मानाने कागदही भारी पाहिजे. लिहिलं: 'आपल्या हाताखाली काम करण्यापेक्षा रहाडीत बुडालेले बरे, असे माझे ठाम मत झाले आहे. तरी आजपासून मोकळे करावे.'

सागरने वाचलं. हसला नाही. म्हणाला, "तात्या, नक्की?"

"एकदम नक्की."

त्याने सही केली, शिक्का मारला. मंजूर.

मला काय वाटलं असेल? वाटलं, वा, पोरगं बापाच्या वरताण निघालं. त्या आनंदात रहाडीत दोन उड्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमन आडवा आला. कारभारी त्याचं नाव, निफाडकडचा.

"तात्या, तुमाला आत सोडायचं नाय सांगितलंय."

"कोणी?"

"सागरशेठनी. तुमी राजीनामा दिला म्हनं."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. आता थट्टेखोर माणसांचा एक कायदा असतो. समोरच्याने डाव टाकला की पहिला जो 'पुरे' म्हणेल तो हरला. मी कसा म्हणेन? मी कोपऱ्यावरच्या दुकानातून किलोभर पेढे आणले आणि गेटवर वाटले. "सुटलो बाबा एकदाचा." एक डबा ड्रायव्हरच्या हाती अण्णांच्या बंगल्यावर धाडला. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण नाही. तिथेच कारभारीच्या टेबलावर सागरला पत्र लिहिलं: 'राजीनामा मंजूर केल्याबद्दल ऋणी आहे. ही माझ्या आयुष्यातील सर्वांत आनंदाची घटना होय.' खाली सही, तीही वळणदार.

घरी येऊन बसलो. म्हटलं, येईल फोन.

नऊ दिवस बसलो. बायको म्हणाली, "अहो, नऊ दिवस कोण थट्टा करतं?"

"मी करतो."

"तुम्ही करता. तो कुठे करतोय?"

दहाव्या दिवशी कारभारीचा फोन आला. हळू आवाजात म्हणाला, "तात्या, तुमच्या खुर्चीवर नवा गडी बसलाय. दिंडोरीचा हाय."

खुर्ची म्हटल्यावर पायात चपला घातल्या. तसाच गेलो, गेटवर कारभारीने मला बघून न बघितल्यासारखं केलं, आणि केबिनमध्ये घुसलो. "सागर, पुरे झालं. जिंकलास तू."

तो स्क्रीनवरून नजर काढून म्हणाला, "काय जिंकलो, तात्या?"

त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा कणही नव्हता. घरी बसायच्या वयाला माझी पाच वर्षं बाकी होती. पंचावन्नाव्या वर्षी सातवी पास माणसाला, डोळे मिटून मशीन ऐकणाऱ्याला, दुसरा कोण उभा करतो? दोन-चार ठिकाणी जाऊन आलो. सगळीकडे एकच प्रश्न, "आधीची का सोडली?" काय सांगणार, रहाडीसाठी?

मग कामगार न्यायालय. वकील केल्या पगारेबाई. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, जिभेने माझ्या सासूएवढ्या. मागणी एकच: मला कामावर परत घ्या. त्यांनी कागद वाचले, पेढ्यांचं ऐकलं आणि डोकं धरलं.

"तात्या, लोकांचे राजीनामे मालक जबरदस्तीने लिहून घेतात. तसं काही झालं का?"

"माझ्यावर जबरदस्ती? बाई, नाशिक जिल्ह्यात असा माणूस..."

"पुरे. म्हणजे हा राजीनामा गंमत होती, एवढंच आपल्याला सिद्ध करायचंय. आधीचे सोळा कुठे आहेत?"

"अण्णांनी फेकले असतील हो."

"मग अवघड आहे."

अवघड म्हणजे काय, ते पहिल्या उलटतपासणीला कळलं. कंपनीचे वकील गोड बोलणारे.

"सही तुमची?"

"माझीच. वळण बघा."

जज्जसाहेब म्हणाले, हो किंवा नाही एवढंच बोला.

"पेढे वाटले?"

"हो."

"'आयुष्यातील सर्वांत आनंदाची घटना' हे तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"लग्न झालंय ना तुमचं?"

"हो."

मागच्या बाकावर आमची मंडळी बसली होती. ती नुसती खाकरली. त्या दिवशीचा मुक्काम मी दोन कोर्टांत केला.

घरी येऊन विचार केला, सोळा कागद गेले तर गेले, मला पाठ आहेत की. बसलो आणि सोळाच्या सोळा पुन्हा लिहिले. जुने दिसावेत म्हणून परातीत चहा ओतून त्यात बुडवले, गच्चीवर वाळवले. काय रंग चढला म्हणून सांगू. पगारेबाईंपुढे ठेवले. त्यांनी एक उचलला, नाकाशी नेला.

"तात्या, पंधरा वर्षांपूर्वीच्या कागदाला आल्याचा वास येतोय."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"खरी गोष्ट सिद्ध करायला खोटे पुरावे आणणारा अशील मी पहिल्यांदाच बघतेय. हे आत दिलं असतं तर नोकरी राहू द्या, तुम्ही आत गेला असतात. आणि मीही." सोळाही कागद त्यांनी टराटरा फाडले. मग जरा शांत होऊन म्हणाल्या, "अण्णांकडे जा. ते खरं सांगतील का, एवढंच विचारा."

मला ते टाळायचं होतं, म्हणून तर चहा नासला. बापाला मुलाविरुद्ध उभं राहा म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं? दीड वर्ष मी त्या बंगल्याची पायरी चढलो नव्हतो. पण गेलो.

अण्णा ओट्यावर बसले होते, गुडघ्यांना गरम पट्टे बांधून. मला बघून तोंड फिरवलं.

"आता आठवण झाली? एवढ्या वर्षांची नोकरी सोडलीस, पेढे ड्रायव्हरच्या हाती धाडलेस. स्वतः आला असतास तर पाय मोडले असते?"

म्हणजे बघा. साधी चौकशीही केली नाही म्हणून मी त्यांच्यावर रुसलेला, ते माझ्यावर.

"अण्णा, मी सोडली नाही. मला काढलं."

"झालं तुझं सुरू."

कोर्टाचे कागद पुढे केले. त्यांनी ते लांब धरून बघितले. "झकास छापलेस. कुठे छापून घेतलेस?"

"अण्णा, खरे आहेत."

"सागरने काढलं? तुला? मग पेढे कशाचे होते?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकताना मध्ये मध्ये हसत होते, आता शेवटी गंमत येईल म्हणून वाट बघत होते. माझं संपलं. गंमत आली नाही. त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"बाळू, तू हसत का नाहीस?"

मी कोर्टाच्या कागदांची घडी घालायला लागलो. 

अण्णा भिंतीला धरून आत गेले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. आत सोळा कागद, लाल नामंजूरसकट. "गुडघे ठणकले की वाचतो," म्हणाले.

"कोर्टात सांगाल?"

"समोर कोण आहे, कळतंय ना तुला? लेक आहे माझा."

"मग राहू द्या, अण्णा." मी उठलो.

त्यांनी डबा मांडीवर घट्ट धरून ठेवला. मला दिला नाही. म्हणाले, "चहा घेऊन जा." मी चहा घेतला. आलं घातलेला होता.

पुढच्या तारखेला कोर्टाबाहेर गाडी थांबली. अण्णा उतरले, काखेत डबा. आणि त्यांना हाताला धरून पायऱ्या चढवत कोण होतं? सागरच. स्वतःविरुद्धचा साक्षीदार स्वतःच्या गाडीतून घेऊन आला होता. त्या क्षणी त्या मुलाबद्दल मला काय वाटलं, ते मला नीट सांगता येणार नाही.

पत्रं एकेक करून वाचली गेली. शिपाई हसला, कारकून हसला, जज्जसाहेबांनी फाईल तोंडापुढे धरली. कंपनीच्या वकिलांनी शेवटचा टोला हाणला.

"म्हणजे या माणसाच्या लिहिण्याला काही किंमतच नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"काडीची नाही," अण्णा म्हणाले. "सोळा वर्षांत एक अक्षर खरं लिहिलेलं नाही यानं."

पगारेबाई खूश होऊन मान हलवत होत्या. मीही हलवली. आणि हलवता हलवता थांबलो. भर कोर्टात, शपथेवर, माझा शब्द फुकटचा ठरत होता. तो तसा ठरावा म्हणून मीच वकील लावला होता. तो जितका फुकटचा, तितकी माझी केस भक्कम.

सगळी खोली हसत होती. फक्त सागर हसत नव्हता. तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. तो सहा-सात वर्षांचा असताना मी त्याला सांगितलं होतं की कोल्ड स्टोरेजमधली द्राक्षं थंडीने रडतात. दुसऱ्या दिवशी तो घरातून आपली गोधडी घेऊन आला, द्राक्षांवर घालायला. सगळं पॅकहाउस पोट धरून हसलं. सर्वांत मोठ्याने मी. पोरगं गोधडी तशीच फरफटत घरी गेलं. त्यानंतर माझ्या कुठल्याही विनोदावर ते हसलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी केबिनमध्ये त्याने "नक्की?" असं विचारलं होतं. मला खरं बोलायची एक संधी दिली होती हो त्याने.

निकाल माझ्या बाजूने लागला. सदर कामगाराचे असे लिखाण खरे धरण्याचा प्रघात आस्थापनेत नव्हता, सबब कामावर परत घ्यावे. सागर वरच्या कोर्टात गेला नाही. दिंडोरीच्या गड्याला पॅकिंगकडे घेतलं आणि माझी खुर्ची मला मिळाली. मी डोळे मिटून बसलो. मशीनचा आवाज ओळखीचा लागला तेव्हा जरा बरं वाटलं.

मग आली रंगपंचमी. मी ठरवलं होतं, आता सरळ मार्ग. जन्मात पहिल्यांदा रजेचा अर्ज लिहिला. वर विषय, खाली आपला विश्वासू, मध्ये एकही वाकडा शब्द नाही. बायकोकडून तपासून घेतला. केबिनमध्ये गेलो. अण्णाही त्या दिवशी आले होते, कोपऱ्यात पाय लांब करून बसले होते.

सागरने अर्ज वाचला. उलटा करून मागची बाजू बघितली. पुन्हा वाचला. मग ड्रॉवरमधून कोर्टाच्या निकालाची प्रत काढून शेजारी ठेवली आणि अर्ज माझ्याकडे सरकवला.

"तात्या, तुम्ही लिहिलेलं खरं धरायचं नाही असं कोर्टाने सांगितलंय. रजा पाहिजे असेल तर राजीनामा आणा."