पुढच्या चाकाखालचा नारळ

पन्नाशीला माणसं गुडघे सांभाळतात. मी सेकंडहँड घेतलेल्या लाल, दोन दारांच्या स्पोर्ट्स कारला रेसिंगचा क्लच बसवून घेतला. जुना जळाला तेव्हा मेकॅनिक म्हणाला होता, "साहेब, साधाच टाका. तुम्हाला कुठं शर्यतीला जायचंय?" ते मला लागलं.

तेव्हापासून शर्यत आहे ती माझ्या डाव्या पायाची. पेडल दाबायला अर्धं अंग लागतं. सोडताना वीतभर काहीच होत नाही आणि शेवटच्या बोटभर अंतरात तो एकदम धरतो. मग गाडी बंद तरी पडते, नाहीतर उडी तरी मारते. मधलं त्याला काही ठाऊक नाही. बायको शेजारी बसली की आधी देवाचं नाव घेते, मग सीटबेल्ट लावते.

अशा गाडीतून भाचीची पाठवणी करायचं मीच बहिणीला कबूल केलं होतं. मामाची हौस!

राहुरीजवळच्या कार्यालयाबाहेर जावई मागच्या चिंचोळ्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसले. शालू तिथं मावेना म्हणून भाची पुढं माझ्या शेजारी. बहिणीनं रीतीप्रमाणं पुढच्या चाकाखाली नारळ ठेवला. तो फोडूनच गाडी निघायला हवी; बंद पडली तर अपशकुन. ठेवला आणि ताट घेऊन बंपरसमोरच उभी राहिली. तिच्यामागं सगळं गणगोत, डोळ्यांना पदर लावून.

"अगं, जरा बाजूला हो."

"माझी लेक चाललीय, न् मी बाजूला व्हऊ?"

मी जपून पाय सोडला. चाक नारळाला टेकलं, गाडीनं आचका दिला आणि बंद पडली.

रडणंसुद्धा थांबलं. जावयाची आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पयल्याच पावलाला अडली गं बाई!"

गाडी नव्हे, नवरी अडली. हे बोलणं आता सासरी पारनेरपर्यंत तिच्यासोबत जाणार आणि तिथंच राहणार. भाची मान खाली घालून बांगड्या फिरवत होती.

पुन्हा गाडी चालू केली. रेस जास्त द्यावी, तर नारळ फुटताच गाडी बहिणीच्या अंगावर. कमी द्यावी, तर पुन्हा बंद. मी पेडल पुन्हा तळापर्यंत दाबून धरलं. बहीण हुंदके देत आणखी अर्धं पाऊल पुढं आली.

"मामा, न्यूट्रल करा. उतरा."

"अगं, तू नवरी..."

"आपल्या ट्रॅक्टरचा क्लच याच्याहून जड हाय. उतरा लवकर."

मी उतरलो. तिनं सँडल काढून माझ्या हातात दिले, शालू गुडघ्यापर्यंत खोचला आणि स्टेअरिंगवर बसली. जावई धडपडत पुढच्या सीटवर आले. काचेतून तिनं एकच हाक मारली, "आई! ताटासकट कडेला!"

बहीण कडेला झाली. माझं मघापासून कुणी ऐकलं नव्हतं.

इंजिन एका सुरात गुरगुरलं. चाक नारळावर चढलं, कट्कन आवाज झाला, पाण्याची चिळकांडी उडाली आणि गाडी ताटलीतलं दूध सांडू नये तशी फाटकाबाहेर निघाली.

मला वऱ्हाडाच्या जीपमध्ये जागा मिळाली, नेमकी त्या आत्याबाईंशेजारी. मांडीवर भाचीचे सँडल. त्यांनी आधी त्या सँडलकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "गाडी चांगली हाय हो तुमची. चालवनारं मानूस पायजे."