पिठातलं पाऊल

भूतखेत, पुनर्जन्म असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. नागपूरच्या कॉलेजात झूलॉजी शिकलेला माणूस मी... मला पुरावा लागतो. आणि इथं तर पुरावा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, हीच पंचाईत आहे!

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. आमचं घर डोणगावजवळच्या खेड्यात. एका म्युझियमच्या साहेबांकडे मी कच्च्या नोकरीवर होतो. काम काय — तर पक्षी मारायचा, कातडं सोलायचं, कापूस भरून पाठवायचं. अभ्यास म्हणजे तेव्हा हेच. आमच्या माळावर माळढोकाचा एकच नर उरला होता. "तो आणून दे, तुला पक्का करतो," साहेब म्हणाले. मी बंदूक घेऊन गावी आलो.

बाबा अंथरुणाला खिळलेले. बंदूक कशासाठी ते ऐकून म्हणाले, "त्या पाखरानं तुहं काय केलं बे?"

"नोकरीचं काम हाय, बाबा."

"एवढं शिकून हेच शिकला काय?" त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग माझ्याशी बोललेच नाहीत. त्याच आठवड्यात गेले.

आमच्याकडे माणूस गेला की त्या जागी पीठ पसरून टोपलं झाकतात. सकाळी त्यात ज्याचं पाऊल दिसेल, त्या जन्माला तो गेला म्हणायचं. मी मनातल्या मनात चिडलो होतो. खोलीला कडी मीच लावली, सकाळी मीच काढली.

आईनं टोपलं उचललं... पिठात एक ठसा! पुढं तीन जाड, आखूड बोटं. मागचं बोट नाही. कोंबडीला, मोराला ते असतं, माळढोकाला नसतं. घरात हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"काहाचं पाऊल हाय रे? तुले तं समजते," आई म्हणाली.

"माळढोकाचं."

"म्हंजे इथंच हायेत..." रडता रडता ती जराशी हसली. मग एकदम म्हणाली, "त्याले कोनी मारत तं नाही ना रे?"

"नाही," मी कसंबसं म्हणालो.

बंदूक परत केली, नोकरी गेली. पुढं जंगल खात्यात लागलो आणि पाखरं राखा म्हणून जन्मभर भांडत राहिलो. पण एका वर्षी तो नर माळावर दिसला नाही. पुन्हा कधीच नाही. आई विचारायची, "दिसले काय रे?" ती होती तोवर मी "हाव" म्हणत गेलो.

बंद खोलीत तो ठसा कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. माळावर गेलो की मी अजून खाली बघत चालतो.