न आलेल्या शिडीचा फोटो

माझ्या मायनं आयुष्यात ऑनलाइन मागवलेली पहिली आणि शेवटची वस्तू म्हणजे दोराची शिडी. बाकीच्या बायका साड्या मागवत होत्या, कुकर मागवत होत्या. मायनं शिडी मागवली, तीही माझ्यासाठी, लातूरच्या होस्टेलच्या खिडकीतून खाली उतरता यावं म्हणून.

होस्टेल काही गगनाला भिडलेलं नव्हतं. माझी खोली पहिल्या मजल्यावर होती. खिडकीतून हाक मारली की खालचा भाजीवाला मान वर करून भाव सांगायचा, एवढीच काय ती उंची. पण मायच्या लेखी पहिला मजला म्हणजे जमीन सुटलीच.

दहावीला मला बरे मार्क पडले आणि घात झाला. आमच्याकडं बरे मार्क पडले की लेकराला लातूरला टाकायचं, हे त्याच्या जन्माआधीच ठरलेलं असतं. नांदेडात डॉक्टरकीचे क्लास नव्हते असं नाही. गल्लीगल्लीत होते. पण अण्णा शाळेत मास्तर, आणि त्यांच्या स्टाफरूममधल्या प्रत्येकाचं लेकरू लातूरला. आपली एकुलती एक पोरगी नांदेडात ठेवून त्यांनी मधल्या सुट्टीत तोंड कुठं दाखवायचं? मग ते स्वतः येऊन मला होस्टेलात सोडून गेले. तळमजल्याच्या खोल्या आधीच भरल्या होत्या. लातुरात तळमजल्याची खोली आधी जाते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

माय लातूरच्या भूकंपातली. तिचं माहेर त्याच पट्ट्यातलं. ती तेव्हा माझ्याहून लहान होती. तिची धाकटी बहीण त्यात गेली, एवढं मला ठाऊक होतं. त्यापुढं आमच्या घरात कुणी विचारत नसे आणि माय सांगत नसे. मात्र त्या भूकंपानं आमच्या घराचे कायदे केले होते. घर पत्र्याचं. अण्णांनी स्लॅबचं नाव काढलं की माय जेवण टाकायची. झोपण्याआधी फळीवर तांब्यावर तांब्या आणि त्यावर पेला अशी उतरंड रचायची, जमीन हलली तर भांडी आधी ओरडावीत म्हणून. मांजरानं ती पाडली की आम्ही तिघं अंगणात. मायचं अंथरूण बारा महिने ओसरीत, उंबऱ्याला खेटून. थंडीतसुद्धा. लोकांच्या आया आत निजतात हे मला मैत्रिणींकडं जायला लागल्यावर समजलं.

तर शिडी मागवली. पैसे अण्णांच्या खात्यातून गेले आणि मायच्या जिवाला जरा थारा आला. शिडी घरी येणार, माय ती आंब्याला बांधून पारखणार, मग लातूरला पोचवणार, असा बेत होता. मी पोळ्याला घरी आले तेव्हा शिडीचा पत्ता नव्हता. मोबाइलवर मात्र हिरव्या अक्षरात लिहिलेलं, वस्तू पोचली, घरातल्या सदस्यानं घेतली.

“कोणत्या सदस्यानं?” अण्णा म्हणाले. “घरात मी अन् ही. मी घेतली न्हाई. तू घेतलीस का गं?”

“मी घेतली असती तर आंब्याला दिसली नसती का?” माय म्हणाली.

दोन दिवस शेजारपाजार पालथा घातला. शिडी कुणाच्याच दारात उतरली नव्हती. आणि मग मायनं जाहीर केलं, “शिडी आल्याबिगर पोरगी लातूरला जाणार न्हाई.”

मी हसले. अण्णाही हसले. माय हसली नाही. तिनं माझी बॅग उचलली आणि ज्वारीच्या कोठीवर ठेवून दिली, तेव्हा माझं हसू आटलं. लातूरला आठवड्याला टेस्ट असते. एक टेस्ट बुडली की मागच्या बॅचमध्ये टाकतात. मागच्या बॅचमध्ये गेलेलं लेकरू डॉक्टर होत नाही असा आमचा सगळ्यांचा ठाम समज. मी रडले, भांडले, जेवण टाकून पाहिलं. पण जेवण टाकण्यात माय माझी गुरू. तिच्यापुढं माझा काय टिकाव लागणार?

अण्णांनी मग पैसे परत मागायचं मनावर घेतलं. त्यांचं गणित सोपं होतं. पैसे आले की प्रकरण मिटलं, प्रकरण मिटलं की पोरगी लातूरला. मोबाइलवर तक्रार करायला बसले तर मोबाइल म्हणाला, वस्तूचा फोटो जोडा.

“आलीच न्हाई तिचा फोटो कुठून काढू?” अण्णा ओरडले. मोबाइलला त्याचं काही नव्हतं. फोटो जोडल्याशिवाय तो पुढं सरकेना. अण्णा शेवटी मास्तर माणूस. त्यांनी मायला उंबऱ्यात उभं केलं, दोन्ही तळहात पुढं करायला लावले आणि फोटो काढला. रिकाम्या हातांची माय, मागं रिकामी ओसरी. चेहरा असा, की आता समोरच्याला खाते. तो फोटो आजही माझ्याकडं आहे आणि तिचा त्याहून चांगला फोटो कुणी काढलेला नाही.

फोटोनं काम केलं म्हणायचं, कारण दुसऱ्या दिवशी फोन आला. पलीकडं एक बाई होती. आवाज कोवळा, मराठी पुस्तकातलं. अण्णांनी फोन स्पीकरवर टाकला.

“सर, आपली रक्कम आम्ही परत करीत आहोत.”

अण्णांचा चेहरा उजळला. मी कोठीवरच्या बॅगेकडं पाहिलं. तेवढ्यात मायनं फोन ओढून घेतला.

“रक्कम नको बाई. शिडी दे.”

“मॅडम, शिडी सध्या उपलब्ध नाही.”

“मंग माझी ज्याच्याकडं गेली त्याच्याकडून आण.”

“मॅडम, तसं करता येत नाही. आपण पैसे स्वीकारता, एवढं फक्त हो म्हणा.”

“न्हाई म्हणते.”

अण्णांनी कपाळाला हात लावला. घेणारा पैसे मागतो आणि कंपनी नाही म्हणते, असं जगभर चालतं. आमच्या ओसरीत कंपनी पैसे घ्या म्हणून विनवत होती आणि माय नाही म्हणत होती. ती बाई बिचारी कंटाळली असावी. म्हणाली, “मॅडम, शिडीच कशाला हवी एवढी? घरात जिना नाही का?”

“जिन्याचं काय करू? दार उघडलं तर जिना,” माय म्हणाली. आणि मग मला, अण्णांना, कुणालाही कधी सांगितलं नाही ते तिनं त्या अनोळखी बाईला सांगितलं. “आमचं दार उघडलं न्हाई, बाई. भिंत त्याच्यावर बसली व्हती. मी अन् बहीण आत. आमच्या मातीच्या धाब्याला वर उजेडासाठी भोक असायचं, तेवढं उघडं ऱ्हायलं. चुलत्यानं बैलाचा कासरा आत सोडला. मी मोठी, माझ्या हाताला आधी लागला. मला वर घेतलं. मंग तिच्यासाठी पुन्हा खाली सोडला.” तिनं फोन या हातातून त्या हातात घेतला. “रिकामाच वर आला.”

अण्णा उठून अंगणात गेले. माझं बॅगेकडं लक्ष राहिलं नाही. इतकी वर्षं मी तिच्या उतरंडीची मैत्रिणींमध्ये नक्कल करत आले होते, आणि त्या क्षणी मला तिच्या कुशीत शिरून रडावंसं वाटलं.

मग पलीकडून ती बाई बोलली, आणि मॅडम म्हणाली नाही.

“मावशी, ऐका माझं. मी असं सांगायला नको, पण त्या शिडीच्या लई तक्रारी हायत. गाठी सुटतात. तुमच्या लेकीला ती नका देऊ. पैसे घ्या अन् चांगला दोर घ्या.”

तिचं पुस्तकातलं मराठी कुठल्या कुठं गेलं होतं. आमच्याकडचीच कुठली तरी असावी. गाव विचारायचं राहून गेलं.

“मंग हाव म्हणते,” माय म्हणाली आणि फोन ठेवला.

पैसे यथावकाश आले. माय त्यासाठी थांबली नाही. पोळा झाला तरी त्याचा बाजार अजून पुरता उठला नव्हता. बैलांचा साज, गोंडे, घुंगरं यांच्या ढिगात ती घुसली आणि ज्या घरात बैल सोडा, शेळीसुद्धा नाही, त्या घरासाठी तिनं तीन नवे कासरे घेतले. विक्रेत्यानं विचारलं, “बैल कोणता हाय, ताई?” तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. घरी आल्यावर अण्णांनी एक टोक धरलं, तिनं तिन्ही कासऱ्यांची एक वेणी घातली आणि पाय ठेवायला हातहातभर अंतरावर गाठी मारल्या. मग आंब्याला बांधून अण्णांना लटकवून पाहिलं. गाठ टिकली, अण्णांची पँट उसवली.

बॅग कोठीवरून उतरली. आम्ही दोघी पहाटेच्या एसटीनं लातूरला निघालो. मायच्या मांडीवर दोर, आणि कंडक्टरची नजर सारखी त्या दोराकडं.

खोलीत शिरल्याशिरल्या माय खिडकीकडं गेली आणि तिथंच थबकली. खिडकीला लोखंडी गज होते. आडवे, उभे, भिंतीत पक्के. खिडकीला गज असतात ही काय मुद्दाम सांगायची गोष्ट असते? मला ते कधी दिसलेच नव्हते, आणि मायच्या पत्र्याच्या घरातल्या खिडक्यांना फळ्या होत्या. ती खाटेवर बसली. दोर मांडीवर. “चल परत,” एवढंच म्हणाली.

मी पळत खाली गेले. होस्टेलची मालकीण तळमजल्यावर राहायची. आम्ही पोरी तिला खाला म्हणायचो. शिस्तीला कडक, भिंतीला खिळा ठोकला तर डोकं खायची. मी धापा टाकत सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती वर आली, दोराकडं पाहिलं, गजांकडं पाहिलं आणि मायच्या शेजारी बसली.

“कोणतं गाव, बहेन?”

मायनं गावाचं नाव सांगितलं. खालानं मान हलवली आणि पुढं एक प्रश्न विचारला नाही. तिच्या भाच्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्याला बोलावून घेतलं. खिळ्यावरून डोकं खाणाऱ्या त्या बाईनं स्वतः उभं राहून गज कापून घेतले, त्यांना बिजागरी लावली, आतून कडी बसवली. जाताना भाच्याला म्हणाली, “बाकीच्या खोल्यांचं बी माप घेऊन जा.”

मग मायनं दोर खाटेच्या लोखंडी पायाला बांधला, पदर खोचला आणि आम्ही हा हा म्हणेपर्यंत खिडकीतून बाहेर. खाली पोरी जमल्या, भाजीवाला कांदे सोडून आला. माय एकेक गाठ पकडत उतरली, जमिनीला पाय लावला आणि वर पाहिलं. पोरींनी टाळ्या पिटल्या. ती लाजली. तिला मी तशी कधीच पाहिली नव्हती.

जेवण झाल्यावर मी भांडी घासून वर आले. माय माझ्या खाटेवर आडवी झाली होती. मला वाटलं, पाठ टेकली असेल. जवळ गेले तर तिचा डोळा लागलेला. पहिला मजला, डोक्यावर स्लॅब, दार लोटलेलं, आणि माझी माय भरदुपारी घोरत होती. दोराचं टोक मनगटाला गुंडाळलेलं होतं.

पाचच्या एसटीनं ती परतणार होती. मी तिला उठवलं नाही.