पूजा झालेली लेव्हल

दोन वस्तूंतून एक निवडायची वेळ आली की मला ताप भरतो. लग्नाच्या वेळी मुलगी एकच दाखवली होती, म्हणून निभावलं.

मेहकरला आमची छोटी दालमिल आहे. माझे केस पांढरे व्हायला लागले तरी तिची किल्ली बाबांच्याच कमरेला. तूर चाळायचं नवं मशीन आलं तेव्हा बाबा म्हणाले, "हे सिधं बसवून दाखव. बसलं तं किल्ली तुले देतो."

मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. मशीन जरा तिरकं बसलं की सगळी तूर एकाच बाजूला धावते, म्हणून तिरकेपणा मोजायचं यंत्र हवं होतं. बुलढाण्याच्या दुकानदाराने फोनवर विचारलं, "डिजिटल लेव्हल देऊ का इन्क्लिनोमीटर?"

"फरक काय हाय?"

"लेव्हल ठेवाची, आकडा पाहाचा, उचलून घ्याची. इन्क्लिनोमीटर मशीनलेच लावून ठेवाचा, चालू मशीनचा कल तो सांगत राह्यते. तुम्हाले काय पाह्यजे?"

तेच तर मला कळत नव्हतं! जेवताना लेव्हल बरी वाटायची, हात धुताना इन्क्लिनोमीटर. माझी बायको सुनंदा शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, "अहो, एकदाच बसवाचं हाय नं? मंग लेव्हल घ्या." इतकं सोपं उत्तर मला पटेना. मी दोन्ही मागवले.

लेव्हल आधी आली. आमच्याकडे नवा पाना आणला तरी तो आधी देवापुढे जातो. आईने लेव्हल चौरंगावर ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, मी ती चालू केली. आकडा आला दीड.

"दीड म्हंजे काय रे?"

"थोडंसं तिरकं, आई."

"देवापुढं तिरकं दाखवते? पह्यल्याच दिवशी? नीट कर बाप्पा तिले."

या लेव्हलला शून्याचं एक बटण असतं. ते दाबलं की ती ज्यावर ठेवली आहे तेच सरळ, असं ती पुढे धरून चालते. आईचा चेहरा बघवेना, म्हणून मी दाबलं. शून्य आलं. आईने नारळ वाढवला, सगळ्यांना पेढे दिले, आणि मी (इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेला माणूस!) ते बटण साफ विसरलो.

इन्क्लिनोमीटर मागाहून आला. घाईत त्याची पूजा राहिली. लेव्हलवर शून्य बघून मी मशीन बसवलं, बोल्ट सिमेंटात पक्के केले आणि सिमेंट वाळल्यावर वर इन्क्लिनोमीटर लावला. तो म्हणाला, दीड.

"खोटं बोलून राह्यला तो," आई म्हणाली. "पूजाच नाई झाली त्याची."

हसू नका, मला हे पटलं. सिमेंट एकदा वाळलं की माणसाला काहीही पटतं. सुनंदा म्हणाली, "दोघाईतलं एक चुकून राह्यलं." मी म्हणालो, "गणित शाळेत."

मशीन सुरू झालं. तूर डाव्या कोपऱ्यात जमली, कडेवरून सांडली आणि बाबांच्या पायांवर पडू लागली. घोटे बुडाले तरी बाबा हलले नाहीत.

"बंद कर बे," ते शांतपणे म्हणाले.

मला रडू येत होतं. किल्ली हातातोंडाशी येऊन गेली होती. आई म्हणाली, "लेव्हलले देवापुढंच इचारू," आणि आम्ही सगळे घरी आलो. चौरंगावर ठेवली. शून्य.

"पाहा," आई म्हणाली, "चांगलीच हाय."

सुनंदाने चौरंग उचलून खालून पाहिला. त्याचे एका बाजूचे पाय झिजले होते.

"म्हंजे मशीन चौरंगासारखं बसवलं तू?" बाबांनी विचारलं.

"हाव."

बाबांनी कमरेची किल्ली सोडली. मी हात पुढे केला. त्यांनी ती सुनंदाच्या हातात ठेवली.

"सूनबाई, तू ठेव. अन् उद्या सिमेंट फोडून घे."

आता मशीन सरळ बसलं आहे. शाळेत जाण्याआधी सुनंदा दालमिल उघडते, तिच्या मागून मी आत जातो, आणि माझ्या मागून बाबा येतात, मी कुठलं बटण दाबू नये म्हणून.