न धुतलेलं रान

आज सकाळी दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत एका इवल्याशा नेच्याने आपली गुंडाळी उलगडली, आणि मी चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिलो.

ही पेटी म्हणजे मी घरात मांडलेलं छोटंसं रान. खाली माती, तिच्यावर पालापाचोळा आणि सोसायटीच्या मागच्या भिंतीवरून खरवडून आणलेलं शेवाळ. पहिल्या खेपेला माझ्या बायकोने, सुनंदाने, ते शेवाळ मेथीची जुडी धुवावी तसं मिठाच्या पाण्यात धुऊन दिलं होतं. मीही खूश झालो. पण शेवाळ तपकिरी पडलं, पेटीभर बुरशी चढली आणि घरात कुबट वास सुटला. पेटी भंगारात द्यायची, असं तिने जाहीर केलं.

मी एक संधी मागून घेतली. या वेळी शेवाळ मातीसकट आणलं, न धुता. त्या मातीतून रव्याच्या कणाएवढे पांढरे किडे आले आणि मुकाट्याने बुरशी खात सुटले. हा नेचाही त्यांच्यासोबतच दडून आला असणार.

आपण घर स्वच्छ करतो म्हणजे कुणाला तरी बाहेर काढतो. रान मात्र सगळ्यांना आत घेऊन स्वच्छ राहतं. तिथला मळ म्हणजे कुणाचं तरी वाढलेलं ताट असतं.

एवढ्यात शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या. ओट्यावर एक मुंगी दिसली तरी फडकं घेऊन धावणाऱ्या सुनंदाने त्यांना हाताला धरून पेटीपाशी आणलं.

"जरा वाकून बघा," ती म्हणाली, "आमच्याकडे किडे झालेत."